फिरकीसाठी पिकलबॉलचे पॅडल निवडताना: पृष्ठभाग, आकार की वजन?

पलासिया_पूर्व

नमस्कार. पॅडल बदलण्याचा विचार आहे आणि दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा रोज खेळणाऱ्यांचे मत मला अधिक मोलाचे वाटते, म्हणून हा धागा काढते आहे.

आमचा गट इंदूरमध्ये विजयनगरच्या बाजूला एका उघड्या कोर्टवर सकाळी खेळतो. त्यातली बरीच मंडळी टेबल टेनिसमधून आलेली आहेत. ज्या गावात टेबल टेनिससाठी प्रसिद्ध असलेले अभय प्रशाल हे क्रीडागृह आहे तिथे याचे कुणाला नवल वाटू नये. मीही कॉलेजपर्यंत टेबल टेनिस खेळले असल्यामुळे माझा हात आपोआप चेंडूला खालून वर घासायला जातो. परंतु माझ्या जुन्या फायबरग्लासच्या पॅडलवरून चेंडू नुसता घसरतो, त्याला फिरकी लागत नाही, आणि जोरात मारलेला ड्राइव्ह नेटवरून गेल्यावर खाली वळण्याऐवजी सरळ बेसलाइनच्या बाहेर पडतो.

दुकानात गेल्यावर रॉ कार्बन, टी-७००, थर्मोफॉर्म्ड, फोम कोअर, १४ की १६ मिलिमीटर, लांबट की रुंद, असे इतके शब्द कानांवर आले की कशामुळे काय होते हेच कळेनासे झाले. साधारण दहा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. बॅकहँड मी एका हातानेच मारते आणि फार जड पॅडलने मनगट दुखते. निव्वळ फिरकी वाढवायची असेल तर यांपैकी कशाकडे पाहावे?

रामबागकर

ताई, प्रश्न चांगला मांडला आहे. चेंडू पॅडलला लागतो तेव्हा काय घडते ते आधी सांगतो, म्हणजे त्या सगळ्या शब्दांना आपापली जागा मिळेल.

टेबल टेनिसच्या रबरात चेंडू रुततो, रबर आडवे ताणले जाते आणि मूळ जागी परत येताना चेंडूला फिरवून सोडते. पिकलबॉलमध्ये ही सोय नाही. चेंडू कडक प्लास्टिकचा, भोकांचा, २२.१ ते २६.५ ग्रॅम वजनाचा; पॅडलचा पृष्ठभाग त्याहून कडक; आणि दोघांचा संपर्क सेकंदाच्या काही हजारांशांपुरता. तेवढ्या वेळात चेंडू आधी पृष्ठभागावरून घसरतो आणि घर्षण पुरेसे असेल तर घसरणे थांबून तो पकड घेतो. एकदा त्याने पकड घेतली की पृष्ठभाग आणखी खरखरीत असल्याचा फारसा लाभ उरत नाही. त्यानंतरची फिरकी पॅडलचे डोके किती वेगाने आणि किती तिरके वर सरकत होते यावर ठरते.

म्हणून पृष्ठभागाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, की आपल्या फटक्यात चेंडूने पकड घ्यावी. गुळगुळीत झालेले फायबरग्लास तिथेच कमी पडते. रॉ कार्बनच्या पॅडलमध्ये कार्बन तंतूंच्या थरावरचे रेझिन घट्ट होत असताना त्यावर एक विणलेले कापड दाबून ठेवतात आणि मागाहून ते सोलून काढतात. त्याच्या विणीचा जो ठसा पृष्ठभागावर उमटतो, तोच तो खरखरीतपणा. स्वस्त पॅडलवर वाळूसारखे कण मिसळलेल्या रंगाचा फवारा असतो. नवे असताना ते पॅडल कार्बनच्या बरोबरीने फिरकी देते, पण रंग झिजला की सगळे संपते.

‘टी-७००’विषयी दुकानदार जे सांगतात ते बहुधा अर्धवट असते. जपानच्या तोरे कंपनीच्या कार्बन तंतूच्या एका प्रतीचे ते नाव आहे आणि त्याचा संबंध तंतूच्या ताकदीशी आहे. पृष्ठभाग किती खरखरीत आहे हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

चिमणबाग_चॉपर

रामबागकर काकांचे शास्त्र मान्य करूनही मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. मीसुद्धा टेबल टेनिसवालाच आहे आणि माझ्या अनुभवात पृष्ठभागाचा वाटा वर लिहिला आहे त्यापेक्षा बराच मोठा आहे. रॉ कार्बनचे पॅडल नवे असताना माझा रोल, म्हणजे खालून वर घासून मारलेला फटका, प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी बुडत असे. सहाएक महिने रोज खेळल्यावर तोच फटका, तोच वेग, तीच उंची ठेवूनही चेंडू तरंगू लागला. हात तोच राहिला आणि पॅडल बदलत गेले, तर फरक पृष्ठभागानेच केला असे म्हणावे लागेल. मग ताईंनी सगळ्यांत आधी, कुणाचा खरखरीतपणा जास्त काळ टिकतो, हेच का पाहू नये?

रामबागकर

विरोध रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या फटक्यातच सापडते. तुम्ही चेंडूला अगदी चाटून, म्हणजे पॅडल जवळजवळ चेंडूच्या कडेने वर नेत मारता. अशा फटक्यात चेंडू पॅडलवर दाबला जातो कमी आणि घासला जातो जास्त, त्यामुळे पकड घेण्याआधीच तो सुटण्याची शक्यता वाढते. तिथे खरखरीतपणा खरोखर निर्णायक ठरतो. जो खेळाडू चेंडूच्या मागून, थोडे वर जात, भरीव फटका मारतो, त्याला अर्धे झिजलेले पॅडलही बराच काळ पुरते.

दुसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्याच्या फिरकीची. समोरून टॉपस्पिन होऊन, म्हणजे वरच्या बाजूने पुढे फिरत, आलेला चेंडू तुम्हाला टॉपस्पिननेच परतवायचा असेल तर त्याची फिरण्याची दिशा पूर्ण उलटवावी लागते, आणि हे काम घर्षणावाचून होत नाही. तोच चेंडू तुम्ही स्लाइस केलात, म्हणजे वरून खाली कापत मारलात, तर तो ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने फिरत राहतो. जुन्या पॅडलवर स्लाइस अजून छान बसतो पण रोल बसत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, तिचे कारण हेच.

टिकाऊपणा पाहावा हे तुमचे म्हणणे योग्य आहे. मात्र मूळ खरखरीतपणाची शर्यत लावण्यात अर्थ नाही, कारण यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या नियामक संस्थेच्या नियमांत त्याला कमाल मर्यादा घातलेली आहे: पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची सरासरी, जिला आरझेड म्हणतात, ३० मायक्रॉन, आणि सर्वांत उंच टोकापासून सर्वांत खोल खाचेपर्यंतचे अंतर, म्हणजे आरटी, ४० मायक्रॉन. वेष्टनावर ‘सर्वाधिक फिरकी’ छापणारे सगळे उत्पादक याच मर्यादेत खेळत असतात.

सयाजीगंज_सर्व्ह

मी बडोद्याहून लिहीत आहे. स्पर्धा खेळण्याचा विचार असेल तर नियमांची बाजू पॅडल घेण्याआधीच पाहून घ्यावी, कारण नंतर पैसे परत मिळत नाहीत.

पॅडलची लांबी १७ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये आणि लांबी व रुंदी मिळून २४ इंचांच्या पुढे जाता कामा नये. वजनाला मर्यादा नाही. रबर किंवा सँडपेपरसारखा पृष्ठभाग चालत नाही, आणि झिजलेले पॅडल घरी घासून पुन्हा खरखरीत करणेही चालत नाही; आमच्याकडे एका सद्गृहस्थांनी हा प्रयोग केला होता आणि समोरच्या जोडीने तो लगेच ओळखला. पॅडलवर मान्यतेचा शिक्का नुसता छापलेला असणे पुरेसे नाही, कारण नामांकित पॅडलच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि नक्कल करणारा शिक्क्याचीही नक्कल करतो. यूएसए पिकलबॉलच्या मान्यताप्राप्त यादीत नेमके तेच मॉडेल, त्याच जाडीसह, आहे का ते पाहावे. यादीतले पॅडल यादीतून बाहेरही जाते: मे २०२४ मध्ये जूला या मोठ्या कंपनीची तिसऱ्या पिढीची पॅडल मान्यता मिळाल्यानंतर यादीतून काढण्यात आली होती.

टेबल टेनिसमधून आलेल्यांना सर्व्हबद्दलही सांगायला हवे. हातातून सोडताना बोटांनी चेंडूला पीळ देऊन केलेली सर्व्ह २०२२च्या सुमारास गाजली आणि २०२३च्या नियमांनी ती पूर्ण बंद झाली. त्यामुळे सर्व्हमध्ये जी फिरकी द्यायची ती पॅडलनेच द्यावी लागते. त्यासाठी ड्रॉप सर्व्ह सोयीची आहे: चेंडू हातातून नुसता सोडायचा, खाली ढकलायचा किंवा वर उडवायचा नाही, आणि टप्पा पडल्यावर मारायचा. हवेतून मारायच्या सर्व्हला कमरेखाली संपर्क, पॅडलचे डोके मनगटाच्या खाली आणि हात खालून वर, अशी तिन्ही बंधने आहेत; ड्रॉप सर्व्हला ती नाहीत.

पलासिया_पूर्व

सर्वांचे आभार. काकांच्या उत्तरामुळे बरेच स्पष्ट झाले. मग आता आकार आणि जाडी यांबद्दल विचारते. आमच्या गटात असे ठाम मत आहे की लांबट पॅडलच फिरकीचे आणि १६ मिलिमीटरच्या कोअरवर, म्हणजे आतल्या गाभ्यावर, चेंडू जास्त वेळ राहतो म्हणून ती जाडीही फिरकीची. हे कितपत खरे?

रामबागकर

लांबट पॅडलचा मुद्दा निम्मा खरा आहे. साडेसोळा इंच लांब व साडेसात इंच रुंद पॅडलमध्ये चेंडू लागण्याची जागा हातापासून थोडी दूर असते, त्यामुळे मनगट व हात तितक्याच वेगाने फिरवूनही त्या जागेचा वेग जास्त मिळतो, आणि फिरकी वेगातूनच येते. पण त्याच कारणाने पॅडल फिरवायला जड जाते. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून फिरवली आणि डोक्याजवळ धरून फिरवली तर वजन तेच असूनही हाताला जो फरक जाणवतो, तोच इथे स्विंग वेट या नावाने मोजतात. पिकलबॉलच्या पॅडलचे स्विंग वेट साधारण १०५ ते १२५च्या दरम्यान असते. वेष्टनावर फक्त एकूण वजन दिलेले असते, बहुधा पावणेआठ ते साडेआठ औंस, म्हणजे सुमारे २२० ते २४० ग्रॅम. तेवढ्यावरून काहीच समजत नाही.

तुमचे मनगट दुखते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: स्विंग वेट जास्त असलेले लांबट पॅडल घेतलेत तर पहिल्या गेममध्ये फिरकी वाढलेली दिसेल, तिसऱ्या गेममध्ये हात दमून डोक्याचा वेग उतरेल आणि फिरकी आधीपेक्षा कमी होईल. शिवाय लांबट पॅडल अरुंद असल्यामुळे चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी ते हातात वळते. खालून वर घासणाऱ्या खेळाडूचा चेंडू नेमका असाच इकडेतिकडे लागतो. दोन्हींच्या मधल्या आकाराला हायब्रिड म्हणतात. तुमच्यासाठी तो मला अधिक योग्य वाटतो.

जाडीचा फिरकीवर परिणाम होतो, पण तो लोक समजतात तितका थेट नाही. १६ मिलिमीटरचा कोअर चेंडू कमी उडवतो, त्यामुळे आपण न घाबरता जोरात हात फिरवू शकतो. आणि जोरात फिरवलेल्या हातातूनच फिरकी येते. १३ किंवा १४ मिलिमीटरच्या पॅडलवर चेंडू झटकन उडतो, म्हणून अनेक खेळाडू नकळत हात आखडता घेतात. थर्मोफॉर्मिंग, म्हणजे पॅडल तापवून व दाबून एकसंध घडवणे, आणि फोमचे कोअर यांची कथा बहुतांशी ताकदीची आहे. तुमचा चेंडू आधीच बाहेर जात असताना तिच्यासाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला समजत नाही.

चिमणबाग_चॉपर

ग्रिपचा मुद्दा राहून जाऊ नये. टेबल टेनिसवाले बॅट बोटांनी धरतात आणि पिकलबॉलची जाड मूठ हातात आली की मुठीने धरायला लागतात. मग मनगट बांधले जाते. माझ्या मते मुठीचा घेर सव्वाचार इंचांपेक्षा लहान घ्यावा आणि लागेल तशी ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पट्टी, चढवावी, कारण मूठ जाड करणे सोपे असते पण बारीक करता येत नाही. एका हाताने बॅकहँड मारत असाल तर साडेपाच इंचांच्या लांब मुठीची गरज नाही; तेवढी जागा चेंडू मारायच्या पृष्ठभागाला मिळू द्या.

सराफा_रात्रपाळी

एक शंका. दुकानात पॅडल हातात धरून आपण हवेत दोनदा फिरवतो, पृष्ठभागावर बोट फिरवतो, मान डोलावतो आणि पैसे देऊन येतो. बोटाला जे खरखरीत लागते तेच चेंडूलाही लागते का? आणि फिरकी वाढली की नाही हे मोजण्याचा काही घरगुती मार्ग आहे का, की प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेवर चालायचे? (आमच्याकडे नवे पॅडल आणणाऱ्या प्रत्येकाची फिरकी त्याच दिवशी वाढते असा अनुभव आहे.)

रामबागकर

बोटावर विश्वास ठेवू नये. फवाऱ्याच्या पृष्ठभागावरचे टोकदार कण बोटाला फार खरखरीत लागतात आणि सर्वांत आधी झडतातही तेच. त्याऐवजी मोबाइलची विजेरी पॅडलच्या कडेशी जवळजवळ आडवी धरून पाहावे. रॉ कार्बनवर विणीच्या बारीक, सारख्या रेघा कडेपासून कडेपर्यंत दिसतात. वापरलेले पॅडल कुणी विकत असेल तर मध्याच्या किंचित वरच्या भागाकडे नीट पाहावे, कारण बहुतेकांचे चेंडू तिथेच लागतात. तेवढाच पट्टा चकाकत असेल आणि कडांना रेघा शाबूत असतील, तर तो पृष्ठभाग झिजला आहे असे समजावे. त्याच वेळी बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहावे. एखाद्या ठिकाणी आवाज वेगळा, पोकळ येत असेल तर पृष्ठभाग कोअरपासून सुटलेला असू शकतो.

मोजण्याचा मार्गही आहे. चेंडूवर मार्करने जाड रेघ काढावी, मित्राला बाजूला उभे करावे आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेऊन फटका टिपावा. संपर्कानंतर रेघ पुन्हा पहिल्या जागी यायला किती फ्रेम लागल्या ते मोजावे आणि १४४०० ला त्या संख्येने भागावे. उत्तर मिनिटाला फेऱ्यांमध्ये मिळते. दहा फ्रेम लागल्या तर १४४०, आठ लागल्या तर १८००, सात लागल्या तर सुमारे २०५७. एका फ्रेमचा फरक बराच मोठा पडतो, म्हणून एका फटक्यावरून निष्कर्ष काढू नये. अनेक फटक्यांची सरासरी घ्यावी, आणि दोन्ही पॅडलसाठी चेंडू तोच ठेवावा. उघड्या कोर्टवरचा ४० भोकांचा कडक चेंडू आणि आतल्या कोर्टवरचा २६ भोकांचा मऊ चेंडू यांची तुलनाच होत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे असताना, तोच ४० भोकांचा चेंडू सकाळी सातला एक असतो आणि साडेनऊला दुसराच होतो, हेही ध्यानात ठेवावे.

पलासिया_पूर्व

काकांच्या पद्धतीने मोजून पाहिले, म्हणून उशिरा लिहिते आहे. गटातल्या दोघांकडून एक लांबट आणि एक हायब्रिड, दोन्ही १६ मिलिमीटरची रॉ कार्बन पॅडल मागून घेतली आणि शेजारच्या मुलीला मोबाइल घेऊन नेटच्या बाजूला उभे केले.

माझ्या जुन्या पॅडलच्या मानाने दोन्हींवर फिरकी स्पष्टपणे वाढली. त्याबद्दल वाद नको. परंतु या दोन पॅडलमधला फरक, माझ्याच दोन प्रकारच्या फटक्यांमधल्या फरकापेक्षा लहान निघाला. चित्रफीत हळू करून पाहिल्यावर दिसले की मी टेबल टेनिससारखा चेंडू उतरताना, कमरेच्या बाजूला, फक्त मनगटाने घासते तेव्हा चेंडू पॅडलच्या टोकाशी लागतो आणि पॅडल हातात किंचित मागे झुकते. चेंडू शरीराच्या पुढे घेऊन, पॅडलचे डोके आधी चेंडूच्या खाली नेऊन, खांद्यापासून वर मारला की रेघ दिसेनाशी होण्याइतकी वेगाने फिरते. लांबट पॅडलवर सुरुवातीचे आकडे थोडे वर होते, पण शेवटी शेवटी हायब्रिड पुढे गेले. मनगटाचेही मत तेच पडले.

म्हणून हायब्रिड, १६ मिलिमीटर, सव्वापाच इंच लांबीची मूठ, असे ठरवले आहे. यादीत नाव आणि जाडी दोन्ही पाहून घेतली. सहा हजारांच्या आत बसते आहे. आता दोनच शंका उरतात: पृष्ठभाग स्वच्छ कसा ठेवावा, आणि बाजूला वजनाची पट्टी लावण्याचा सल्ला गटात मिळतो आहे, तो घ्यावा का?

सयाजीगंज_सर्व्ह

स्वच्छतेचे मी सांगते. चेंडूचे प्लास्टिक घासून पृष्ठभागाच्या खाचांत बसते आणि काळ्या कार्बनवर पिवळट पट्टे दिसू लागतात. त्यासाठी कार्बन पॅडलसाठी मिळणारा मऊ रबराचा ठोकळा कोरड्या पृष्ठभागावर हलक्या हाताने फिरवावा, पट्टे निघून येतात, मग ओलसर कापडाने पुसावे. भांड्यांची काथ्याची घासणी किंवा तारेचा चोथा कदापि वापरू नये. बुजलेल्या खाचा रबराने मोकळ्या होतात, झिजलेल्या खाचा परत येत नाहीत. त्यामुळे साफ करूनही चेंडू घसरत असेल तर पॅडलचे आयुष्य संपले असे धरावे. पावसाळ्यात कोर्ट ओलसर असेल तर ओल्या चेंडूवर कुठलाच पृष्ठभाग पकड घेत नाही, तेव्हा चेंडू पुसण्यासाठी खिशात रुमाल ठेवावा. पॅडल उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, सांध्यांचा गोंद त्याने कमकुवत होतो.

रामबागकर

वजनाची पट्टी नियमांत बसते, पण पहिला महिनाभर लावू नका. आधी पॅडल जसे आहे तसे हाताला बसू द्या. पुढे चेंडू बाजूला लागल्यावर पॅडल वळते असे जाणवले, तर घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, दोन्ही कडांवर, प्रत्येकी तीन ग्रॅमपासून सुरुवात करा. पट्टी कडेच्या गार्डवरच राहिली पाहिजे, पृष्ठभागावर येता कामा नये. बाराच्या जागी, म्हणजे टोकाला, मुळीच लावू नका. गटातले कुणी ताकद वाढते म्हणून तसे सुचवतील, पण तिथला एकेक ग्रॅम स्विंग वेटमध्ये सर्वांत जास्त भर घालतो आणि तुमच्या मनगटाला ते परवडणार नाही.

चिमणबाग_चॉपर

आणि जुने फायबरग्लासचे पॅडल टाकून देऊ नका, ताई. नवशिक्या पाहुण्यांना देण्यासाठी उत्तम असते. त्यांची फिरकी आपल्याला सोसावी लागत नाही.